इंग्लंडात स्वतःची जिन बनवायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे, बहिणीकडे किंवा कामानिमित्त इंग्लंडला आलेली मराठी मंडळी टॉवर ब्रिज, ग्रीनिच आणि बाथ आटोपली की ‘आता जरा वेगळं काहीतरी सांगा’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत या ‘वेगळ्या’त जिन स्कूलचा नंबर बराच वर आला आहे. मी इथेच राहतो, पाहुण्यांना अधूनमधून घेऊनही जातो, त्यामुळे तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर येत असतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या सगळ्या प्रकारात आपल्या हातात दोनच गोष्टी असतात, नीट वास घेणं आणि हात आवरणं. बाकीचं काम तांब्याचं भांडं करतं.

जिन स्कूल म्हणजे नक्की काय?

डिस्टिलरीतलीच एक खोली. लांब टेबलं, प्रत्येक जागेवर किंवा प्रत्येक जोडीसमोर एक छोटं तांब्याचं भांडं, त्याला हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी, पलीकडे वाफ थंड करणारी नळी आणि खाली काचेचं मोजपात्र. भिंतीला बरण्यांची रांग. तुम्ही बरण्या उघडता, वास घेता, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर एकेक जिन्नस तोलता, भांड्यात घालता, आणि दीड-दोन तासांनी स्वतःची बाटली घेऊन बाहेर पडता. शिकवायला कोणीतरी असतंच. बहुतेक ठिकाणी आल्या आल्या हातात एक जिन-टॉनिक देतात आणि मग थोडा इतिहास सांगतात. हा इतिहासाचा भाग कुठे फार रंगतो, कुठे निव्वळ पाठांतर असतं.

नुसती डिस्टिलरी बघणं आणि जिन बनवणं, यात निवडायचं काय?

दोन्हीची मजा वेगळी आहे. मोठा कारखाना बघायचा असेल तर लंडनमध्ये केनिंग्टनला बीफईटर आहे, ओव्हल स्टेशनपासून चालत जाता येतं. ही कंपनी 1860च्या दशकात जेम्स बरो यांनी सुरू केली आणि 1958 पासून ती केनिंग्टनच्या जागेत आहे. तिथे भली मोठी भांडी दिसतात, जिन्नस चोवीस तास दारूत भिजवून मग ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून गोळा करणं, कसं करतात ते समजतं.

हॅम्पशायरमधली लॅव्हरस्टोक मिल हा माझा आवडता पर्याय. वॉटर्लूहून गाडी पकडून ओव्हर्टनला उतरायचं, तासाभराचा प्रवास. 2014 पासून इथे बॉम्बे सॅफायर जिन तयार होते. थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने काढलेली दोन वळणदार काचघरं टेस्ट नदीच्या पात्रातून वर आल्यासारखी दिसतात, आणि त्यांत जिनमध्ये पडणाऱ्या वनस्पती जिवंत वाढवलेल्या आहेत. नावापलीकडे मुंबईशी या जिनचं फारसं नातं नाही. जागेचं मात्र भारताशी आहे: ही मूळची पोर्टल घराण्याची कागद गिरणी. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद 1724 पासून पोर्टल घराणं पुरवत होतं, आणि पुढे भारतीय रुपयाच्या नोटांचा कागदही या गिरणीत तयार होत असे. ज्यांना जिनमध्ये काडीचा रस नाही अशा काकांनाही तिथे नेऊन बघा, नाण्या-नोटांचा नाद असेल तर ते बाहेर यायला तयार होणार नाहीत.

बनवायचंच असेल तर फ्लीट स्ट्रीटला लागून ब्राइड लेनमध्ये सिटी ऑफ लंडन डिस्टिलरी आहे, ती 2012ची. पोर्टोबेलो रोडवर जिन्स्टिट्यूट आहे. लंडनबाहेर जायला वेळ असेल तर प्लिमथची ब्लॅक फ्रायर्स डिस्टिलरी सोडू नका. तिथे 1793 पासून जिन निघते आहे, इमारत त्याहून कितीतरी जुनी. पण पॅडिंग्टनहून तीन तासांच्या वर जातात, एका दिवसात जाऊन-येऊन करायचं म्हणजे दमछाक. एक रात्र राहा. याशिवाय आता बहुतेक गावांत एखादी लहान डिस्टिलरी सापडतेच. माझा अनुभव असा की लहान ठिकाणी शिकवणारा माणूसच जिन काढणाराही असतो, आणि प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात.

खर्च किती? परवडतो का?

नुसत्या फेरीला साधारण वीस-पस्तीस पौंड. बनवण्याच्या वर्गाला जागेप्रमाणे शंभरच्या अलीकडे-पलीकडे, काही ठिकाणी त्याहून बरंच जास्त. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी स्वस्त, शनिवारी महाग. आरक्षण करताना एक गोष्ट तपासा: किंमत माणशी आहे की भांड्यामागे. दोघांत एक भांडं, एक बाटली असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि नवरा-बायकोत वेलदोडा घालायचा की नाही यावरून जे व्हायचं ते होतं.

रक्कम ऐकून लोक चमकतात. तर बाटलीच्या किमतीत सरकारचा वाटा किती ते बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये लागू झालेल्या दराने इथे शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 32.79 पौंड अबकारी कर होता. म्हणजे 70 सेंटिलिटरच्या, 40 टक्के जिनवर नऊ पौंडांच्या वर कर, आणि त्यावर व्हॅट. तुम्ही बनवलेली बाटलीही यातून सुटत नाही, डिस्टिलरी तो कर भरूनच ती तुमच्या हातात देते.

मी घेत नाही. मी येऊन काय करू?

या. एका मावशींना मी आग्रहाने नेलं होतं, दारूचा थेंब न घेणाऱ्या. बरण्यांचे वास ओळखताना टेबलावरच्या सगळ्यांना त्यांनी मागे टाकलं. धणे जुने आहेत हे त्यांनी बरणी अर्धी उघडल्याबरोबर सांगितलं, शिकवणाऱ्या मुलीने दुसरी बरणी आणली. जिन बनवताना चाखावं लागत नाही, बोटावर एक थेंब घेऊन दोन्ही तळवे चोळायचे आणि हुंगायचं, खुद्द डिस्टिलरीवालेही असंच करतात. न पिणाऱ्यांना साधं टॉनिक किंवा बिनअल्कोहोलचं पेय देतात, आरक्षण करतानाच सांगून ठेवा. अठराच्या खालच्या मुलांना बनवण्याच्या वर्गात घेत नाहीत.

गरोदर असाल, किंवा झोपेची, मधुमेहाची वगैरे औषधं चालू असतील तर ‘चव घेण्यापुरतं’ हेही डॉक्टरांना विचारूनच. बदामाची ॲलर्जी असेल तर आधी कळवा, कारण बदाम हा जिनमधला जुना जिन्नस आहे आणि त्या खोलीत तो उघडा हाताळला जातो.

जिन म्हणजे मुळात काय? व्होडकाहून वेगळी कशी?

धान्यापासून किंवा उसा-बिटापासून आधी जवळजवळ बिनवासाची, 96 टक्क्यांची दारू काढतात. तीत जुनिपर आणि इतर वनस्पती घालून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की जिन. जुनिपरचा वास पुढे हवाच, तो नसेल तर तिला जिन म्हणता येत नाही. इथल्या नियमाने तीत किमान 37.5 टक्के अल्कोहोल लागतं. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 हा आकडा नेहमी दिसतो. ‘लंडन ड्राय’ म्हणजे लंडनात बनलेली असं नव्हे, तर ऊर्ध्वपातन झाल्यावर तीत पाणी आणि दारू यांखेरीज काही मिसळलेलं नाही. साखर असलीच तर लिटरला 0.1 ग्रॅमच्या वर नाही.

जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर नावाने मिळते तीच. निळसर काळे, वाटाण्याएवढे दाणे, चिमटीत चुरडले की देवदाराच्या लाकडाचा आणि लिंबाच्या सालीचा मिळून वास येतो. दिसायला फळ, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो पाइनच्या कुळाला जवळचा शंकू आहे.

भांड्यात काय काय घालायचं, आणि किती?

इथेच सगळा खेळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यांत आधी जुनिपर, एकूण वजनाच्या निम्मं किंवा थोडं जास्त. मग धणे. होय, आपलेच धणे. जिनमध्ये त्यांचा वास स्वयंपाकघरातल्यापेक्षा वेगळा लागतो, जास्त लिंबासारखा, कारण वाफेबरोबर त्यांतलं लिनालूल हे सुवासिक द्रव्य वर येतं आणि भाजल्याचा खमंगपणा नसतो. तिसरं अँजेलिकाचं वाळकं मूळ, मातीसारखा कोरडा वास. ते आणि आयरिसच्या कंदाची पूड, म्हणजे ऑरिस, यांना स्वतःचा मोठा आवाज नाही, पण यांनी बाकीचे वास टिकून राहतात असं मानतात. मग लिंबाची किंवा संत्र्याची साल, पांढरा भाग खरवडून. त्यानंतर आवडीप्रमाणे ज्येष्ठमध, दालचिनीच्या जातीची जाड साल, कंकोळ, जायफळ, मिरी.

बॉम्बे सॅफायरमध्ये दहा जिन्नस आहेत, बीफईटरमध्ये नऊ, प्लिमथमध्ये सात. मोठमोठ्या कारखान्यांचं सात-दहात भागतं, आणि आपण मात्र बरण्या बघून पंधरा उचलतो. पाच-सहा पुरे. सत्तर सेंटिलिटरची एक बाटली काढायची तर सगळं मिळून साधारण पंधरा ते वीस ग्रॅम लागतं: नऊ-दहा ग्रॅम जुनिपर, चार ग्रॅम धणे, ग्रॅमभर अँजेलिका, दीड-दोन ग्रॅम साल आणि उरलेल्यात तुमची हौस. लवंग घ्यायची तर एकच. हिरवा वेलदोडा एक, फार तर दोन. बडीशेप आणि चक्रीफूल हे दोघेही जुनिपरला गिळून टाकतात, त्यांतलं काहीही चिमटीच्या वर गेलं की बाटली उघडल्यावर मुखवासाचा डबा उघडल्यासारखं होतं.

आपल्या मंडळींची एक अडचण नेहमी दिसते. मसाल्याला हात सरावलेला असतो, आणि त्या हाताला भाजीच्या पातेल्याचा अंदाज असतो. वाफेत मसाला फार जोरात बोलतो. मनातलं प्रमाण निम्मं करा, मग पुन्हा एकदा विचार करा.

आपलं काही घालता येईल का? कोकम, कैरी, कढीपत्ता, तिरफळ?

बाहेरून आणलेला जिन्नस बरीच स्कूल घेत नाहीत, अन्नसुरक्षेचं कारण सांगतात, आणि ते रास्त आहे. काही लहान ठिकाणी आधी ईमेल केली तर कोरडे, बंद पाकिटातले मसाले चालतात. भारतातून ताजी पानं सामानात घालून आणू नका, वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ती इथे आणायला मनाई आहे. कढीपत्त्यावर तर त्यांची खास नजर असते.

परवानगी मिळालीच तर वाफेबरोबर काय वर येतं आणि काय खाली राहतं हे माहीत हवं. उडून जाणारी तेलं येतात. आंबटपणा, गोडवा, तिखटपणा आणि बहुतेक रंग येत नाहीत. म्हणून:

कोकमाने निराशा होते. त्याचं सगळं मोल आंबटपणात आणि रंगात, दोन्ही भांड्यातच राहतात. कोकम ग्लासात घाला, जिन-टॉनिकबरोबर ते झकास जातं. कैरीचंही तसंच, सालीचा थोडा हिरवा वास येतो इतकंच. मिरचीचा वास येतो, तिखटपणा नाही. केशराचे पैसे वाया. निळ्या जिनसाठी लोक गोकर्णीची फुलं मागतात, पण तो रंग ऊर्ध्वपातनानंतर फुलं भिजवून आणलेला असतो आणि मग तिला लंडन ड्राय म्हणता येत नाही.

तिरफळ मात्र घालून बघण्यासारखं. बिया काढून नुसती टरफलं घ्या. जिभेला येणारी झिणझिणी वर येत नाही, पण लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारा एक रानटी वास येतो आणि तो जुनिपरशी जमतो. कोकणातल्या जायपत्रीलाही मी शंभर गुण देईन, पण अर्ध्या पाकळीच्या वर नाही. गवती चहा चांगला. दगडफूल धुरकट, मातकट, धाडस असेल तर. कढीपत्ता ताजा हवा, वाळका निर्जीव.

हिंग कोणी हसत हसतसुद्धा सुचवू नका. तो वास तांब्याला धरून बसतो आणि पुढच्या माणसाच्या जिनमध्ये उतरतो.

प्रत्यक्ष बनवताना काय घडतं?

भांड्यात पाणी घालून साधारण 50 टक्क्यांवर आणलेली दारू असते. जिन्नस घालून झाकण बसवायचं, आच सुरू करायची. आच विजेची असते, ज्वाळा नव्हे. दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही, आणि लोक फोन काढतात. मग वाकड्या नळीचं तांबं भांड्याच्या बाजूने गरम होत पुढे सरकू लागतं. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पण आपल्या भांड्यात पाणीही असल्यामुळे वाफ त्याहून थोडी वरच्या तापमानाला निघते. नळीच्या टोकाशी एक थेंब फुगतो, पडतो, आणि मग बारीक धार लागते.

पहिले काही मिलिलिटर बाजूला काढतात. त्यांत कधी नेलपॉलिशच्या जातीचा तीव्र वास असतो. त्यानंतर जे येतं ते खरं. दर दोन-चार मिनिटांनी थेंब तळव्यावर घ्या. आधी लिंबू-संत्र्याची साल पुढे येते, पाठोपाठ जुनिपर, मग धणे आणि गरम मसाले, आणि शेवटाकडे मुळं. ही रांग दर वेळी इतकी स्वच्छ लागते असं नाही, पण डोळे मिटून हुंगलं तर बदल कळतो. शेवटी वास सपाट होतो, ओल्या पुठ्ठ्याकडे झुकतो. तिथे थांबायचं. कधी थांबायचं हे शिकवणारे सांगतात, तरी त्यांच्या आधी तुमचं नाक काय म्हणतंय ते बघा. त्या क्षणाला मोजपात्र बाजूला केलं की तुमची जिन ठरली.

पात्रात साधारण 78 टक्क्यांची, पाण्यासारखी स्वच्छ दारू जमलेली असते. ती 360 मिलिलिटर असेल तर 40 टक्क्यांवर आणायला जवळजवळ तितकंच, म्हणजे 350 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर एकूण आकारमान थोडं आक्रसतं, म्हणून कागदावरच्या हिशेबापेक्षा पाणी किंचित जास्त जातं. शुद्ध केलेलं पाणी, टक्केवारी दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर नजर, हळूहळू. शेवटी बाटली, बूच, मेण किंवा सील, आणि नावाची चिठ्ठी. चिठ्ठीवर देवनागरीत लिहा, आजवर कोणी हरकत घेतलेली मला माहीत नाही.

हे सुरक्षित आहे का? विषारी दारूच्या बातम्या येतात त्याचं काय?

प्रश्न योग्य आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. अशा दुर्घटनांत औद्योगिक वापराचं मिथेनॉल दारूत मिसळलेलं असतं. जिन स्कूलमध्ये तुम्ही काही आंबवत नाही. तुमच्यासमोर येते ती परवानाधारक कारखान्यात शुद्ध केलेली, कर भरलेली दारू, तीत मिथेनॉल नगण्य असतं आणि पुन्हा उकळल्याने ते नव्याने तयार होत नाही. सुरुवातीचा भाग बाजूला काढतात तो चवीसाठी.

राहता राहिला अल्कोहोलचा स्वतःचा धोका. 40 टक्क्यांचा 25 मिलिलिटरचा पेग म्हणजे इथल्या मोजणीने एक युनिट, तुमच्या बाटलीत अशी 28 युनिट असतात, आणि इथला सरकारी सल्ला आठवड्याला 14च्या वर जाऊ नये असा आहे. हिशेब तुम्हीच करा.

पाणी घातल्यावर माझी जिन दुधाळ झाली. बिघडली का?

नाही. जुनिपर आणि साल भरपूर पडली की त्यांतली तेलं जास्त अल्कोहोलमध्ये विरघळलेली राहतात, पाणी वाढलं की बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात. चवीला काही धक्का लागत नाही. दिसायला नको असेल तर 40ऐवजी 43-45 टक्क्यांवर थांबा, बाटलीत जिन थोडी कमी भरेल, पण बऱ्याचदा ती स्वच्छ राहते.

लगेच प्यायची की ठेवायची?

दोन-तीन आठवडे ठेवा. नवी जिन जरा सुटी सुटी लागते, एकेक वास वेगळा ओरडत असतो. उन्हात ठेवू नका. वर्षानुवर्षं जपून ठेवण्यात मात्र अर्थ नाही, वाइनसारखी ती बाटलीत सुधारत नाही, आणि अर्धी झालेली बाटली हळूहळू वास गमावते.

बाटली भारतात नेता येते का?

येते. भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सध्या दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. विमानात 24 ते 70 टक्क्यांची दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, पण बंद, सीलबंद बाटलीत, चेक-इनच्या सामानात. हातातल्या बॅगेत घालू नका: इथल्या काही विमानतळांवर द्रवाचे नियम सैल झाले असले तरी मध्ये दुबई-दोहाला विमान बदलताना तपासणी पुन्हा होते. म्हणून डिस्टिलरीतच झाकणावर नीट सील मारून घ्या आणि बाटलीवर टक्केवारी लिहिलेली आहे का ते बघा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, हेही भाच्यासाठी भेट नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

शिकून आल्यावर घरी करता येईल का?

ऊर्ध्वपातन नाही. ना इंग्लंडात, ना महाराष्ट्रात. परवान्याशिवाय भट्टी लावणं दोन्हीकडे गुन्हा आहे, आपल्याकडे तर तिला हातभट्टी म्हणतात आणि पोलिसांना ती चांगली ओळखीची आहे. शिवाय बंद स्वयंपाकघरात अल्कोहोलची वाफ म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

विकत आणलेल्या व्होडकात जुनिपर, धणे आणि सालीचा तुकडा एक-दोन दिवस भिजवून गाळणं हा मात्र वेगळा प्रकार. रंग पिवळट येतो, थोडा कडवटपणा येतो, पण कोणत्या जिन्नसाचा वास किती चढतो याची नाकाला सवय होते. इथे राहणारे लोक वर्गाला जाण्याआधी हे करून गेले तर त्यांचं भांडं नेहमी जास्त जमतं.

हे सगळं लंडनमध्येच इतकं का फोफावलं?

अठराव्या शतकात लंडन जिनमध्ये बुडालं होतं. 1736 आणि 1751च्या कायद्यांनी तिला आवर घालायचा प्रयत्न केला. 1751 सालीच विल्यम होगार्थने जिनने उद्ध्वस्त झालेल्या गल्लीचं जे चित्र काढलं, ते जिन स्कूलच्या भिंतीवर हटकून लावलेलं असतं, हे जरा गमतीचंच. पुढे मोठ्या कंपन्यांचा धंदा झाला आणि लहान भांडी संपली. 1800 लिटरपेक्षा लहान भांड्याला परवाना द्यायला कर खातं तयार नसे. सिपस्मिथ नावाच्या छोट्या कंपनीने ते भांडण लढवून 2009 मध्ये हॅमरस्मिथला एका गॅरेजवजा जागेत भांडं लावलं, आणि तिथून लहान डिस्टिलऱ्यांची रांग लागली. तुमच्या टेबलावरचं चिमुकलं भांडं त्या निर्णयाचं नातवंड म्हणायला हरकत नाही.

जिन-टॉनिक भारतात जन्मलं, हे खरं का?

बरंचसं. टॉनिक वॉटरचं पेटंट 1858 मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने घेतलं. जिन आणि टॉनिक एकत्र मागवल्याचा जुन्यांत जुना छापील उल्लेख सापडतो तो 1868च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मध्ये, भारतातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात. म्हणजे मलेरियाचं औषध म्हणून सैनिक नाक दाबून पीत होते, ही वर्गात रंगवून सांगितली जाणारी गोष्ट थोडी सावधपणे ऐका. त्या उल्लेखात साहेबलोक शर्यत संपल्यावर मजेत पेय मागवताहेत. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन, म्हणजे ते मलेरियाचं औषध, कडवटपणापुरतं असतं, डास त्याला भीक घालत नाहीत.

इतक्या लांब कशाला, गोव्यात होत नाही का?

भारतातल्या नव्या जिनची सुरुवात गोव्यातूनच झाली. नाओ स्पिरिट्सने 2017 मध्ये ‘ग्रेटर दॅन’ आणली, पाठोपाठ हिमालयातल्या जुनिपरची ‘हपूसा’. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ 2018ची, तीत मिरी, जायफळ, जायपत्री असा आपल्या ओळखीचा घरोबा आहे. भेटीला जायचं तर आधी विचारून, वेळ ठरवून जा, अचानक फाटकाशी उभं राहून उपयोग नाही.

पण गोव्यात भट्टी बघायची असेल तर मी म्हणेन मार्च ते मे या काळात जा आणि काजूची बघा. बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेला उर्राक निघते, ती पुन्हा चढवली की फेणी. 2009 मध्ये गोव्याच्या काजू-फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तुमच्या हाती काटा देऊन जिन्नस निवडायला कोणी सांगत नाही, मात्र जे लाकडाच्या आचेवर उकळतंय ते त्याच अंगणात सांडलेल्या फळाचं असतं. जिनमध्ये वास बाहेरून घालावा लागतो, फेणीत तो फळाचा आपला असतो. दोन्ही बघून मग कोणतं खरं कसब यावर वाद घाला.

गाडी घेऊन गेलं तर चालेल?

नको. इंग्लंडात रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, स्कॉटलंडमध्ये 50, भारतात 30. मुभा मोठी दिसते म्हणून धोका पत्करू नका. चालकासाठी बरीच ठिकाणं चवीच्या छोट्या बाटल्या भरून देतात, पण मागाव्या लागतात.

जाताना काय लक्षात ठेवू?

जेवून जा. अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल लावू नका, सगळ्या टेबलाचं नाक बिघडतं. सर्दी असेल तर तारीख बदलून घ्या, पैसे परत मिळत नसले तरी तारीख बहुधा बदलून मिळते. तोलताना प्रमाणं कागदावर लिहा आणि त्याचा फोटो काढा. काही ठिकाणी तुमची कृती जपून ठेवतात आणि पुन्हा तशीच बाटली मागवता येते, पण ते ठिकाण बंद पडलं तर कृतीही गेली. आणि पायांत बंद बूट घाला, काच आणि गरम तांबं असलेल्या खोलीत चपलेवर आत घेत नाहीत.